मराठेशाहीवरच्या मालिका आणि इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवकाळावर किंवा पेशवाईवर नवी मालिका सुरू झाली की त्याच शंका नव्याने येऊ लागतात. कुणाला ताटातला बटाटा खुपतो, कुणाला आनंदीबाईंवर झालेला अन्याय. त्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. उत्तरं सतराव्या-अठराव्या शतकातल्या मराठेशाहीपुरतीच आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे क्रमांक दिला आहे.

१. सुरुवातीला ‘काही प्रसंग काल्पनिक आहेत’ अशी पाटी येते. मग मालिकेला ऐतिहासिक का म्हणायचं?

सांगाडा इतिहासाचा असतो म्हणून. माणसं, लढाया, तह, राज्याभिषेक, मृत्यू हे कागदांतून आलेलं असतं. त्यावरचं मांस लेखकाचं. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे, तर ते मांस बरंच लागतं. सोयराबाईंचं उदाहरण घ्या. त्यांचं लग्न, राजाराम महाराजांचा जन्म, १६८० नंतरच्या वारसाच्या वादातली त्यांची बाजू, एवढं साधनांतून कळतं. त्या रात्री एकट्या असताना काय विचार करत होत्या, हे कुणालाच माहीत नाही. मालिकेला मात्र ते रोज दाखवावं लागतं.

पाटीबद्दल माझी तक्रार एवढीच, की कोणते प्रसंग काल्पनिक हे ती कधीच सांगत नाही. ती वकिलाच्या सोयीची आहे, प्रेक्षकाच्या नाही.

२. एवढे संवाद कुठे लिहून ठेवलेले असतात?

जवळजवळ कुठेच नाहीत. वकिलांच्या आणि अखबारनविसांच्या, म्हणजे दरबारी बातमीदारांच्या, पत्रांत अधूनमधून कुणाचं बोलणं उतरवलेलं सापडतं, बखरीत संवाद असतात पण ते बखरकाराच्या भाषेत. बाकी सगळं पटकथाकाराचं.

खरा आवाज ऐकायचा तर पत्रं वाचावीत. १९ मे १६७३ रोजी शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, रयतेला त्रास दिलात तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे, असं त्यात बजावलं आहे. शिवाय एक बारीक सूचना आहे : दिवा जळत ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. राजाच्या तोंडी उंदीर आणि वात घालायचं धाडस कुठल्या पटकथाकाराला होईल? तिथे सिंहगर्जनाच हवी असते.

३. बखर म्हणजे पुरावा की गोष्ट?

ती कोणी, कधी, कोणासाठी लिहिली यावर ते ठरतं. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेने बखर लिहिली. लेखक शिवकाळ पाहिलेला माणूस होता. त्याच्या तपशिलांत चुका आहेत, क्रमही मागेपुढे होतो, तरी तिचं वजन मोठं आहे. मल्हार रामराव चिटणिसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली.

बखरींच्या वर मान आहे तो त्याच काळातल्या कागदांना : पत्रं, महजर (म्हणजे वतनाच्या वादांतले निवाडपत्र), जेधे शकावलीसारख्या तारीखवार नोंदी, इंग्रज वखारींची आणि पोर्तुगिजांची दफ्तरं, जयपूर दरबाराकडचे राजस्थानी कागद. पेशवाईसाठी तर पुण्याच्या दफ्तरात मोडीचा डोंगर आहे. त्यातली निवड गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात ४५ खंडांत छापली.

मालिका बहुतेक वेळा याच्या उलट्या क्रमाने जातात. आधी लोकप्रिय कादंबरी, मग बखर, आणि कागद शेवटी. कारण कादंबरीत दृश्य तयार मिळतं.

४. शिवजयंती १९ फेब्रुवारीला, मालिकेत तिथी वेगळी, आणि कुणी म्हणतं १ मार्च. खरं काय?

तिन्ही एकाच दिवसाकडे बोट दाखवतात. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी. त्या दिवशी इंग्रजांच्या जुन्या, म्हणजे ज्युलियन, कॅलेंडरात १९ फेब्रुवारी १६३० होती. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरात तो दिवस १ मार्च येतो. इंग्लंडने कॅलेंडर बदललं ते थेट १७५२ साली, म्हणून शिवकाळातल्या बहुतेक रूढ तारखा जुन्या पद्धतीच्या आहेत. ६ जून १६७४ हा राज्याभिषेकाचा दिवसही तसाच.

पूर्वी जन्मसाल १६२७ मानत. लोकमान्य टिळकांनी उजेडात आणलेल्या जेधे शकावलीमुळे १६३० पुढे आलं आणि राज्य सरकारने २००१ साली ते स्वीकारलं.

गुंता इथे संपत नाही. गोव्याचे पोर्तुगीज १५८३ पासूनच नवं कॅलेंडर वापरत होते. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एकाच घटनेची तारीख गोव्याच्या पोर्तुगीज आणि सुरतेच्या इंग्रज कागदात दहा दिवसांनी वेगळी दिसते. मराठी कागदांत तर शुहूर सन, म्हणजे अरबी अंकशब्दांत लिहिलेलं वर्ष : ‘इहिदे सबैन अलफ’ म्हणजे १०७१, आणि तो १६७०-७१ला पडतो. शिवाय आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. शाहिस्तेखानावरच्या छाप्यासारख्या रात्रीच्या घटनांत एक दिवसाचा फरक दिसला तर लगेच मालिकेवर ओरडू नका.

५. अफजलखान प्रसंगातच मावळे ‘छत्रपती’ म्हणून हाक मारतात. चालेल?

नाही. तो प्रसंग १० नोव्हेंबर १६५९चा, राज्याभिषेक त्यानंतर साडेचौदा वर्षांनी. तेव्हाच्या कागदांत ‘राजश्री शिवाजी राजे’ असं येतं. तोंडी ‘राजे’ किंवा ‘महाराज’ घातलं तर कुणाचंच काही बिघडत नाही. ही चूक फुकट टाळता येते, म्हणून ती जास्त खटकते.

६. ताटात बटाट्याची भाजी आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी! हे तेव्हा होतं का?

खिचडी नक्कीच नव्हती. तिच्यातलं जवळजवळ काहीच आपल्याकडे पोहोचलेलं नव्हतं. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूत सेलमच्या आसपास साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले ते १९४०च्या दशकात. भुईमूगही अमेरिकेतलाच, आणि देशावर तो मोठ्या प्रमाणात पसरला एकोणिसाव्या शतकात. बटाटा पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्याला लागला असला, तरी देशावरच्या घरोघरच्या ताटात तो आला इंग्रजी अमदानीत. टोमॅटोचंही तेच. पेशव्यांच्या घरी उपासाला वरई, शिंगाडा, दूध, फळं दाखवावीत.

मिरचीवर मात्र उगाच आक्षेप घेतला जातो. तीही अमेरिकेचीच, पण सोळाव्या शतकात गोव्यामार्गे आली आणि झपाट्याने पसरली. शिवकाळात ती असायला हरकत नाही. तंबाखूही चालेल : अकबराच्या दरबारात तो पहिल्यांदा नेला असदबेगाने, १६०५च्या सुमारास, आणि तोही विजापूरहून. चहा मात्र नको. आसामातली चहाची लागवडच १८३०च्या दशकातली.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं मत : बटाट्यावर हसा आणि पुढे चला. त्याने कुणाच्या चारित्र्याला धक्का लागत नाही.

७. साड्या आणि दागिने त्या काळातले वाटत नाहीत. नेमकं काय चुकतं?

सगळ्यात आधी रंग. भडक राणी गुलाबी, विजेरी जांभळा, चमकता फिरोजी हे रासायनिक रंगांचे प्रताप. पहिला कृत्रिम रंग विल्यम पर्किनने काढला तो १८५६ साली. त्याआधी नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद, लाख. यांतूनही लखलखीत रंग निघतात, त्यामुळे सगळ्यांना मळकट मातकट कपडे घालून ‘वास्तववाद’ साधणं हेही खोटंच.

दुसरी गोष्ट शिलाई. यंत्रावर शिवलेला, मापात घट्ट बसणारा, मागे हुक असलेला ब्लाउज त्या काळी अशक्य. पुढे गाठ मारायची चोळी हवी. निऱ्या जागच्या जागी राहतात त्या सेफ्टी पिनांमुळे, आणि ती पिन १८४९ची.

तिसरी गोष्ट घरच्या बाईचा अवतार. राणी असली तरी झोपताना, आजारी असताना, वरवंटा हातात असताना अंगावर नथ-तन्मणी-वाकी असा सगळा संच कोण घालतं? ही मालिकांची जुनी खोड आहे, ऐतिहासिक असोत वा सासू-सुनांच्या.

८. मागे गुलमोहर फुललेला दिसला. हे कितपत गंभीर?

गंभीर नाही, पण चूक. गुलमोहर मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातला. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. झेंडूदेखील मूळचा मेक्सिकोचा, तो पोर्तुगीज आल्यानंतरच इथे आला. शिवकाळात त्याचं तोरण एक वेळ चालेल, देवगिरीच्या यादवांच्या दारावर मात्र नाही.

९. खऱ्या रायगडावर आणि शनिवारवाड्यात चित्रीकरण का करत नाहीत?

कारण जे दाखवायचं आहे ते तिथे उरलेलं नाही. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या आणि आगीत वाडे गेले. आज दिसतात ती जोती आणि दगडी अवशेष. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३०ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ची. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि ती बरेच दिवस धुमसत राहिली. उरला तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि आतला चौथरा. शिवाय ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे दिवे, ट्रॉल्या आणि घोडे घेऊन महिनोन्‌महिने तळ देता येत नाही.

म्हणून कर्जत, गोरेगाव, कोल्हापूर इथे सेट लागतात. सेटवर नेहमीची चूक म्हणजे राजस्थान. संगमरवरासारख्या चकचकीत फरशा, कमानीच कमानी, झुंबरं. मराठी वाडा म्हणजे काळा दगड, वीट, सागवानी खांब, कडीपाट, चौक. बसायला गादी-लोड. सिंहासन कायम मांडलेलं दाखवतात, पण रोजचा कारभार बैठकीवर चाले.

१०. लढाईतलं काय खोटं असतं?

आवाजापासून सुरुवात करू. तलवार म्यानातून काढताना ‘शिंऽऽग’ होतं ते फक्त ध्वनिमुद्रकाच्या खोलीत. म्यान लाकडाचं, वर चामडं नाहीतर मखमल. धातूवर धातू घासतच नाही.

तोफेचा गोळा पडला की दहा माणसं हवेत उडतात. भरीव लोखंडी किंवा दगडी गोळा फुटत नाही, तो उसळत जातो आणि वाटेत येईल त्याला चिरडतो. हे पडद्यावर दाखवलं तर जास्त भयानक दिसेल. फुटणारे पोकळ गोळे होते, पण ते गरनाळांतून, म्हणजे आखूड नळीच्या उखळी तोफांतून, डागत. ‘बाण’ हा प्रकारही होता. तो धनुष्याचा नव्हे, दारूने उडणारा. मालिकांना त्याचा पूर्ण विसर पडलेला दिसतो. बंदुका बहुतेक तोडेदार, म्हणजे पेटती वात लावून उडवायच्या. एक बार झाला की पुन्हा भरायला वेळ लागे.

घोडेही चुकतात. मराठ्यांचा भर भीमथडीच्या काटक, ठेंगण्या घोड्यांवर होता. पडद्यावर येतात शर्यतीचे उंच घोडे. पण इथे निर्मात्याला दोष देणं कठीण, चित्रीकरणासाठी शिकवलेले घोडे मिळतात तेच घ्यावे लागतात. प्राण्यांच्या वापराला परवानगी आणि नोंदणीही लागते, त्यामुळे घोडा कोसळण्याची दृश्यं आता संगणकावर होतात आणि तशीच दिसतात.

११. पत्रं देवनागरीत का दाखवतात?

तुम्हाला वाचता यावीत म्हणून. कारभार मोडीत चाले. दाखवायचंच तर आधी आडवी रेघ ओढून, बोरूने, शब्दांत जागा न सोडता, विरामचिन्हांशिवाय. कॅमेरा जवळ नेताना देवनागरी चालवून घेता येते. लाखेचा लाल ठिपका मात्र चालवून घेऊ नका, ती युरोपी चित्रपटांची उचल आहे. शिवाजी महाराजांच्या पत्रावर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ हा शिक्का शाईने उमटवलेला असे आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब, म्हणजे छोटा शिक्का. खाली सही करण्याची रीत नव्हती.

१२. पात्रं एवढं संस्कृत मराठी बोलतात. तसं बोलत होते का?

नव्हते. दरबारी मराठी फारसीने भरलेली होती. ती इतकी भरलेली होती की महाराजांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राजव्यवहारकोश करून घेतला आणि राज्याभिषेकाच्या सुमारास पेशवा-पंतप्रधान, मुजुमदार-अमात्य, सुरनीस-सचिव, सरनौबत-सेनापती असे बदल झाले. तरी लोकांच्या तोंडचं ‘पेशवा’ काही गेलं नाही.

याचा अर्थ १६५०च्या दृश्यात फौज, मुलूख, हुकूम, तालेवार असे शब्द हवेत. अडचण अशी की असे शब्द मालिकेत फक्त मोगलांना देतात. मराठी सरदार संस्कृत बोलतो, मोगल सरदार फारसी मिसळतो, आणि डोळे मिटूनसुद्धा शत्रू ओळखता येतो. ही चूक नकळत होत नाही. शिवाय मावळ, कोकण, कऱ्हाड, सगळीकडचा माणूस सदाशिव पेठेतलं मराठी बोलतो, ते वेगळंच.

१३. तानाजी मालुसरे घोरपडीच्या मदतीने चढले हे खरं का? आणि ‘गड आला पण सिंह गेला’?

४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाण्यावर रात्री चढाई केली, मोगल किल्लेदार उदेभानाशी लढताना ते पडले आणि गड मिळाला, इथपर्यंत पक्कं. घोरपड येते पोवाड्यातून. सभासदाने तिचा उल्लेख केलेला नाही. तो सांगतो की निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले. मला हे घोरपडीपेक्षा भारी वाटतं. अंधारात, फेब्रुवारीच्या थंडीत, हातापायांच्या बोटांवर!

सभासदाच्या बखरीत महाराजांचे उद्गार साधारण असे आहेत : एक गड घेतला, पण एक गड गेला. ‘सिंह’ नंतर आला. आणि त्या रात्रीनंतर कोंढाण्याचं नाव सिंहगड पडलं असं निवेदक सांगत असेल तर तेही चूक, कारण सिंहगड हे नाव १६६३च्या पत्रातच आहे.

पोवाडा खोटा म्हणून फेकून द्या असं मी म्हणत नाही. मालिकेने शाहिराच्या तोंडी घोरपड ठेवावी आणि कड्यावर माणसं चढवावीत, दोन्ही साधेल.

१४. आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला की नाही?

पुरावा नाही. जे ठाऊक आहे ते असं. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस, शनिवारवाड्यात गारदी, म्हणजे पगारी शिपाई, घुसले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसाफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावं. १८ वर्षांचे नारायणराव पेशवे काकांकडे, रघुनाथरावांकडे, धावले आणि तिथेच मारले गेले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवलं.

पकडण्याचा हुकूम होता आणि आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही कथा पुढची. ज्या कागदावर हे झालं म्हणतात तो कुणाच्या हाती नाही. तरी अडीचशे वर्षं बाई बदनाम आहे. कथा एवढी चिकट का, हे पाहा : तिच्यामुळे रघुनाथरावांचा गुन्हा ‘फक्त पकडायला सांगितलं होतं’ एवढ्यावर येतो आणि उरलेला भार बायकोवर. एखादी मालिका हे दृश्य जसंच्या तसं दाखवते, बाईला दिव्याच्या उजेडात अक्षर खोडताना दाखवते, तेव्हा मला पाटी आठवते (प्रश्न १). बटाट्याला हसून सोडलं, याला सोडता येत नाही.

१५. जुन्या नाटकांत संभाजी महाराज व्यसनी, आताच्या मालिकांत निर्दोष. नेमकं कोणतं चित्र खरं?

जुनं चित्र मुख्यतः चिटणिसाच्या बखरीवर उभं होतं. ती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेली, आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ साली संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. घराण्याची जखम बखरीत उतरली असं इतिहासकार म्हणतात ते उगाच नाही. तिच्यावरून नाटकं झाली, नाटकांवरून समजुती. पुढे वा. सी. बेंद्रे यांनी अनेक वर्षं साधनं गोळा करून १९६० साली चरित्र प्रसिद्ध केलं, त्यानंतर डॉ. कमल गोखले यांचं काम आलं आणि ते चित्र मोडलं. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा, मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्यांवर जवळजवळ नऊ वर्षं झुंजणारा राजा समोर आला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी कैद, ११ मार्चला हत्या. औरंगजेबासमोर ते झुकले नाहीत.

म्हणजे आताच्या मालिकांनी मोठा अन्याय दूर केला. पण एक कसोटी मी लावतो. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजी मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले आणि सुमारे वर्षभराने पन्हाळ्याला परतले. कागदांत हे स्पष्ट आहे. का गेले, यावर वाद घालता येतो : घरातली तेढ, कारभाऱ्यांशी वैर, तरुण वयाचा राग. हा तर बापलेकांनी आखलेला डावच होता, असं एखादी मालिका बेलाशक सांगते तेव्हा ती पुराव्याच्या पुढे जाते. एकविसाव्या वर्षी चुकून परत आलेला आणि पुढे तसं मरण पत्करणारा माणूस लहान ठरतो का? मला तर तो जास्त मोठा वाटतो.

१६. नट फार मोठ्या वयाचे वाटतात.

वाटतात, कारण असतात. अफजलखान भेटीत महाराज एकोणतीस वर्षांचे होते. आग्र्याला संभाजीराजे नऊ वर्षांचे. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ला थेऊरला क्षयाने गेले तेव्हा सत्तावीस. आजच्या हिशेबाने अर्धी मराठेशाही कॉलेजच्या वयाच्या पोरांनी चालवली. चाळिशीतला भारदस्त नट घेतला की निर्णयांतली घाई, धाडस, चुका, सगळ्याचा अर्थच बदलतो. पानिपतावर विश्वासराव अठरा-एकोणीस वर्षांचे होते हे ध्यानात ठेवून ते भाग पाहा.

१७. अमुक पात्र इतिहासात सापडत नाही. अशी पात्रं घालणं योग्य?

दासी, हेर, मावळ्याची आई, अशी पात्रं घालावीच लागतात. सामान्य माणसाची नोंद दफ्तरात क्वचित होते, ती जागा कल्पनेने भरली तर इतिहासाचं नुकसान नाही. भानगड सुरू होते ती खलनायकाला आडनाव दिल्यावर. एखाद्या ज्ञात घराण्याच्या नावाने नसलेला फितूर उभा केला की आजचे लोक दुखावतात, आणि त्यांचं दुखावणं रास्त असतं.

१८. मालिकेत दाखवलेली वाघनखं लंडनच्या संग्रहालयातलीच का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली. ती सातारचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून आलेली आहेत. अफजलखानावर वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं त्या संग्रहालयाचंच म्हणणं आहे. मालिकेतली अर्थातच प्रॉपवाल्याने घडवलेली.

१९. सती आणि बालविवाह दाखवायला बंदी आहे का?

दाखवायला नाही, सतीचा गौरव करायला आहे. १९८७च्या सती प्रतिबंधक कायद्यानुसार उदात्तीकरण हा गुन्हा. त्यामुळे माधवरावांमागे रमाबाई सती गेल्या तो भाग दाखवताना वाहिन्या पाटी लावतात आणि चिता टाळतात. अहिल्याबाईंचं उलट : १७५४ साली कुंभेरीला खंडेराव होळकर पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केलं. हा प्रसंग मालिका आवडीने रंगवतात, आणि रंगवावाच.

बालविवाहाबाबत मालिका पळवाट काढतात. मुलीचं वय सांगत नाहीत, किंवा ‘काही वर्षांनंतर’ म्हणून पुढे उडी मारतात. १८७३ साली अकराव्या वर्षी रमाबाईंचं लग्न एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांशी झालं. हा काळ या पानाच्या कक्षेबाहेरचा, पण वयातलं ते अंतर न लपवताही गोष्ट सांगता येते, हे त्यांच्यावरच्या मालिकेत दिसलं.

२०. मालिकेला सेन्सॉर नसतो का? चुकीबद्दल तक्रार कुठे करायची?

चित्रपटासारखं आधी प्रमाणपत्र मालिकेला लागत नाही. केबल टीव्हीच्या १९९५च्या कायद्याखालची कार्यक्रम संहिता लागू असते. २०२१च्या नियमांनुसार तक्रार आधी वाहिनीकडे करायची, तिने पंधरा दिवसांत निकाल द्यायचा. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे, आणि त्याही वर केंद्र सरकारकडे. मात्र ‘तारीख चुकली’ ही संहितेचा भंग ठरणारी तक्रार नव्हे. अशा चुकीसाठी वाहिनीला मुद्देसूद पत्र, सोबत मूळ कागदाचा खंड आणि पान, याचा उपयोग जास्त होतो. शिव्यांचा होत नाही.

२१. शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकते का?

कायद्याने होऊ शकते. मृत व्यक्तीवरचा आरोप, ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधा आणणारा असेल आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असेल, तर तो बदनामी ठरू शकतो. पूर्वी दंडसंहितेचं कलम ४९९, आता न्याय संहितेचं ३५६. दहा पिढ्यांनंतर ‘जवळचे नातलग’ कोण आणि हेतू कसा सिद्ध करायचा, हे प्रश्न उरतातच. व्यवहारात निर्माते न्यायालयाच्या आधीच, वंशजांच्या आणि संघटनांच्या दडपणाने दृश्य बदलतात. त्यामुळे पुष्कळदा खोटंही जातं आणि कागदात असलेलं, पण नकोसं खरंही जातं (प्रश्न १५मधला दिलेरखान).

२२. आग्र्याहून सुटका पेटाऱ्यातूनच झाली ना?

१७ ऑगस्ट १६६६च्या सुमारास सुटका झाली. पेटाऱ्याची हकीकत सभासद देतो. वेष पालटून निसटले असंही काही अभ्यासक साधार मांडतात. मालिकेने पेटारे दाखवले तर चूक म्हणता येणार नाही.

२३. चुकीचं वाटलं पण बरोबर निघालं, असंही होतं का?

पुष्कळदा, आणि हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न. मराठा फौजेत मुसलमान अधिकारी दाखवले की कुणीतरी ‘उगाच घुसवले’ म्हणतं. आरमारात दौलतखान होता, महाराजांच्या पदरी काझी हैदर होता, पानिपतावर तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा. मराठ्याच्या हाती युरोपी पात्याची सरळ तलवार दिसली तरी दचकू नका, बाहेरून येणाऱ्या अशा पात्यांना मोठी मागणी होती. पेशव्यांच्या पुण्यात गोरा चित्रकार फिरतोय असं दृश्य आलं तर तेही खरं : १७९०च्या दशकात जेम्स वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं इथे बसून काढली.

आणि रायगडावर हत्ती. उभा कडा, निसरडी वाट, हत्ती चढला कसा, असं हमखास विचारतात. राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडेन या इंग्रज वकिलाने राजवाड्याच्या दारात दोन लहान हत्ती पाहिले आणि ते वर आणले तरी कुठून, हे त्यालाही समजेना. तसं त्याने लिहूनच ठेवलं आहे.